समोरचा पाट

१

वाटीतलं पाणी गढूळ होतं.

रविवारची कार्यशाळा आटपून सगळे गेले होते आणि निशा एकेक वाटी उचलून बेसिनमध्ये ओतत होती. शाडूच्या मातीचं पाणी ते, राखाडीच असणार. सगळ्या वाट्यांतलं तसंच होतं. पण ही वाटी शांताबाईंच्या समोरच्या पाटावरची होती, आणि त्या पाटाशी आज कोणी बसलंच नव्हतं. तिनं वाटी जराशी हलवली. तळाचा गाळ गोल फिरत वर आला. कोणीतरी यात मातीचे हात बुडवले होते, आणि तेही एकदा नव्हे, पुन्हापुन्हा.

कोपरीतलं ते कलादालन तसं लहानच. खाली वाचनालय, वर एक लांबट हॉल आणि हॉलच्या मागे सामान ठेवायची खोली. नुसती चित्रं बघायला येणारे थोडेच, म्हणून रविवारी दुपारी आसपासच्या लोकांसाठी काही ना काही चालायचं. कधी पोरांसाठी कागदाच्या घड्या, कधी रांगोळी. यंदा ज्येष्ठांसाठी 'हातांनी ओळख' होती. जोडीजोडीनं समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं, प्रत्येकाच्या पुढ्यात स्टुलावर माती-पाण्याचा पाट, डोळ्यांवर रुमाल बांधायचा, समोरच्याचा चेहरा हातांनी चाचपायचा आणि तो शाडूत घडवायचा. त्याचा तुम्ही, तुमचा तो. कार्यशाळा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आवाज ऐकू आला की हात आळशी होतात, असं दालन चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं. जोडी अपुरी पडली तर निशानं बसायचं. तिच्या नोकरीत तेही काम आलंच.

आज शांताबाईंच्या जोडीच्या आवडाबाई आल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या जागी निशा बसणार होती. तिनं समोरच्या पाटावर स्वतःसाठी मातीचा गोळा ठेवला, वाटीत पाणी ओतलं, शांताबाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. समारोपाला पाहुणे कोण आणायचे इथून सुरू झालेलं बोलणं बाल्कनीत उभ्याउभ्याच लांबत गेलं. ती परत आली तेव्हा सगळे रुमाल सोडून एकमेकांनी केलेली नाकं बघून हसत होते, आणि शांताबाईंच्या पाटावर एक पुरा चेहरा तयार होता.

"किती गार हात गं तुझे, पोरी," शांताबाई म्हणाल्या. "तो पंखा कमी करत जा जरा."

'मावशी, मी नव्हतेच इथे,' एवढंच म्हणायचं होतं. पण शांताबाईंच्या मुलानं, सिद्धेशनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, आईला मोतीबिंदूनं जवळजवळ दिसत नाही. ऑपरेशन व्हायचंय. तिला एकटी सोडू नका, तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. घरात नुसती बसून असते, इथे येते तर चेहरा फुलतो तिचा." आणि निशानं मान डोलावून शब्द दिला होता.

"हो ना मावशी," ती आता म्हणाली, "माझे हात गारच असतात."

२

दचकायला निशाला निमित्त लागत नसे. डोंबिवलीला, मानपाड्याच्या घरात, बेल वाजली तरी तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं, आणि आई आतून विचारायची, "कोणतं गेलं?" एमए झालेल्या मुलीनं असं वागावं याची तिला स्वतःलाच लाज वाटे. म्हणून भीती वाटली की आधी साधं कारण शोधायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

साधं कारण म्हणजे धनेश. धनेश दालनाचा वॉचमन, कोपरीतलाच.

"धनेश, वरती वाटीत हात धुतलेस का रे?"

"मी? मी खालीच बसलेलो, ताई. का, परत पाल दिसली?"

"पाल नाही रे."

"मग बरंय. मागच्या वेळी तुम्ही पाल म्हणून किंचाळलात नि निघाली वायर. अख्खं वाचनालय वर आलेलं. ते जोशीकाका तर चष्मा टेबलावर टाकून पळत आलेले."

ती हसली. हसल्यावर जरा बरं वाटलं. कोणी म्हाताऱ्यानं चुकून बाजूच्या वाटीत हात घातले असतील. डोळे बांधलेले, वाट्या जवळजवळ. झालं. आणि तो मातीचा गोळा? पाटावर गोळाही नव्हता. मग आपण ठेवलाच नसेल. ठेवायचा म्हटलं आणि फोन आला.

एवढं जुळवून झाल्यावर ती चेहरे मागच्या खोलीत नेऊन मांडू लागली. शाडू भरभर वाळली तर तडे जातात, म्हणून फळीवर चेहरे मांडायचे आणि वरून ओलं फडकं टाकायचं. मांडताना तिला नेहमी गंमत वाटायची, कारण सगळ्या चेहऱ्यांना डोळ्यांच्या जागी आडवी पट्टी असायची. साहजिकच होतं. समोरच्याच्याही डोळ्यांवर रुमाल. बोटांना लागायचं ते कापड. कोणी त्याच्या चुण्या काढायचे, कोणी मागची गाठसुद्धा. फळीवर ओळीनं बसलेली ती डोळे बांधलेली मंडळी आंधळी कोशिंबीर खेळायला जमल्यासारखी दिसायची.

शांताबाईंनी केलेला चेहरा तिनं शेवटी उचलला. रुंद कपाळ, गालाची हाडं वर आलेली, ओठ मिटलेले. बाईचाच होता, पण निशाशी त्याचं काहीच साम्य नव्हतं.

आणि त्याला पट्टी नव्हती. डोळे होते, पापण्यांसकट, उघडे.

शांताबाईंनी समोर जे चाचपलं होतं, त्यानं डोळे बांधलेले नव्हते.

निशानं फडकं टाकलं आणि दिवा बंद न करताच बाहेर आली.

३

पुढच्या रविवारी आवडाबाई आल्या. निशानं त्यांना बघितलं आणि इतक्या जोरात "या, या!" म्हटलं की त्या दारातच थबकल्या.

"काय गो, मना एवरा मान? हार-बिर घालतंस का काय?"

"तुमची वाट बघत होते, आवडाबाई. शांतामावशींसमोर बसा. आज मुळीच उठायचं नाही."

"उठून जातंय कंला? गुडघं हायेत का माझं?"

त्या दुपारी निशा फोन बंद करून हॉलमध्येच बसून राहिली. पंखे फिरत होते. वीस-पंचवीस म्हातारे हात एकमेकांच्या तोंडावरून फिरत होते. ओल्या मातीवर तळवे फिरल्याचा, वाटीत बोटं बुडल्याचा बारीक आवाज, मधूनच कोणाचा तरी खोकला. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, पण दुसऱ्या गावातून आल्यासारखे. सगळं नीट होतं. तिनं बसल्या जागेवरून सगळे पाट न्याहाळले. रिकामा एकही नव्हता.

कार्यशाळा संपली, तेव्हा आवडाबाईंनी केलेलं पाहून सगळे हसत सुटले. नाक म्हणजे वांगंच होतं.

"मना तं सगल्यांचीच नाकं सारखी लागतात," आवडाबाई म्हणाल्या. "तुजा नाक आसाच हाय, शांते, मी काय करू?"

शांताबाईही हसल्या. पण जिना उतरताना त्यांनी निशाचा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू बस ना गं समोर."

"का हो मावशी? आवडाबाई मजेशीर आहेत की."

"आहे ना, मजेशीर आहे. पण ती कणीक तिंबल्यासारखं करते." त्या एक पायरी उतरल्या, थांबल्या. आयुष्यभर बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला काम केलेल्या बाई. बोटं अजून हलकी होती. निशाच्या दंडावर ती असून नसल्यासारखी टेकली होती. "कसं आहे, माणूस म्हातारं झालं ना, की लोक हाताला धरतात. जिन्यावर धरतात, रस्ता ओलांडताना धरतात. सिद्धेश तर फार जपतो, सूनबाई पण जपते. पण तोंडाला कोणी हात लावत नाही. सिद्धेशचे बाबा गेल्यापासून माझ्या तोंडाला कोणाचा हात नाही लागला. त्या दिवशी तू लावलास. किती वेळ बघत होतीस गं तू मला! एवढं नीट मला कोणी बघितलं नव्हतं."

निशाच्या तोंडात शब्द आले होते. पण शांताबाई हसत होत्या, खाली सिद्धेश गाडी लावून उभा होता आणि "जय भीम, मॅडम! आज आईनं काय केलं?" असं विचारत होता.

"बसेन हं मावशी," ती म्हणाली.

४

जोडीतला प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा करतो. ही गोष्ट निशाला बुधवारी, डबा खाताना सुचली, आणि हातातली पोळी हातातच राहिली.

शांताबाईंनी समोरचीचा चेहरा केला होता. मग समोरचीनं केलेला शांताबाईंचा चेहरा कुठे होता?

बुधवारी दालन रिकामं असतं. हॉल ओलांडताना तिच्याच चपलांचा आवाज भिंतीवरून परत येत होता, अर्धं पाऊल मागून. तिनं चपला काढून हातात घेतल्या. मग अनवाणी चालण्याचाही तसाच आवाज येतो आहे असं वाटलं, म्हणून ती थांबली. आवाजही थांबला. मोकळा हॉल आहे, घुमणारच, तिनं स्वतःला समजावलं.

मागच्या खोलीत दिवा लावून तिनं फडकं उचललं. पहिल्या ओळीत काही वेगळं नव्हतं. मागच्या ओळीत, भिंतीकडे तोंड करून, एक चेहरा ठेवलेला होता. तिनं तो वळवला.

शांताबाई होत्या. शंकाच नव्हती. हनुवटीवरची चामखीळ, चष्म्यानं नाकावर पडलेले दोन खळगे, डाव्या भुवईतली तुटलेली जागा. डोळे उघडे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल होता, निशानं स्वतः बांधलेला. तरीही रुमालाखालचं सगळं इथे होतं. इतकं सुंदर काम या दालनात कधी झालं नव्हतं. तिला ते कळत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. हे मायेनं केलेलं काम होतं.

तिनं चेहरा दिव्याखाली धरला. ओल्या शाडूवर बोटांचे ठसे उठतातच. आजूबाजूचे सगळे चेहरे बारीक रेघांनी भरलेले होते. यावर एकही रेघ नव्हती. माती गुळगुळीत होती, साय धरल्यासारखी.

"अय्या, हा कोणी केला?"

चेहरा तिच्या हातून पडलाच असता. दारात मॅडम उभ्या होत्या, समारोपाच्या प्रदर्शनासाठी कामं निवडायला आलेल्या.

"केवढ्यानं दचकतेस गं! दाखव इकडे. शांताबाई ना या? कोणी केल्या?"

मावशींच्या समोर बसायला मी होते. मी बसले नाही. तिथं दुसरंच कोणीतरी बसलं. हे वाक्य मनातल्या मनात पुरं करताना निशाला ते मॅडमच्या कानांनी ऐकू आलं, आणि ते किती वेड्यासारखं वाटतं तेही.

"मी," ती म्हणाली.

"तू?" मॅडमनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. "आणि इतके दिवस नुसत्या वाट्या धुतेस? वेडी आहेस का? हा मधोमध ठेवायचा. खाली तुझं नाव घाल."

निशानं नाव घातलं. चिठ्ठी चिकटवताना तिच्या बोटाचा ठसा कडेला उमटला. त्या पूर्ण चेहऱ्यावर तेवढाच.

५

शेवटच्या रविवारी, एकही पाट रिकामा राहू नये म्हणून, आवडाबाईंना निशानं घरी जाऊन, बरोबर घेऊनच आणलं. त्यांना जोडी नसलेल्या दुसऱ्या एका बाईंसमोर बसवून शांताबाईंसमोर मात्र ती स्वतः बसली. आज हे संपवायचं, मावशींना सांगायचं की त्या दिवशी मी नव्हते. नंतर सिद्धेशला सांगायचं. मग मॅडमना. नोकरी जायची तर जाऊ दे.

तिनं रुमाल बांधला. थोड्या वेळानं शांताबाईंची बोटं तिच्या कपाळाला लागली, भुवयांवरून उतरली, गालांशी आली. आणि थांबली. किती वेळ ते निशाला कळलं नाही. मग ती बोटं उचलली गेली, सभ्यपणे, चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडल्यावर माणूस जसं ते ओढून घेतं तशी. पुन्हा काही ती आली नाहीत. रुमाल सोडल्यावर निशानं पाहिलं, तर शांताबाईंच्या पाटावरचा गोळा तसाच होता.

"हात दुखतात आज," त्या म्हणाल्या.

निशाला तेव्हाच बोलायचं होतं, पण लोक निघत होते, कोणी निरोप घेत होतं, कोणी फोटो काढा म्हणत होतं. सिद्धेशचा फोन आला, "मॅडम, पुलावर अडकलोय, जरा उशीर होईल. आई आहे ना तुमच्याबरोबर?"

"आहे ना. इथेच आहे."

शांताबाईंना तिनं खाली, वाचनालयाबाहेरच्या बाकावर बसवलं. पर्स मांडीवर दिली. आवडाबाईंना रिक्षात बसवून येते, मग आपण बोलू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, असं म्हणाली. शांताबाईंनी मान डोलावली.

कोपऱ्यावरून रिक्षा मिळायला वेळ लागला. आवडाबाई रिक्षात बसल्यावरही बोलत होत्या. निशा परत आली तेव्हा ऊन अजून पायऱ्यांवर होतं, आणि बाक रिकामा होता.

"धनेश, मावशी कुठेत?"

"वर गेल्या ना."

"एकट्या? तुला कळत नाही का? त्यांना दिसत नाही रे!"

"अहो, मी जिन्यापर्यंत धरायला गेलेलो, नको म्हणाल्या. म्हणाल्या, निशा बोलावतेय वरून." धनेशचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मला वाटलं तुम्ही मागच्या गेटनं आलात. ताई, तुम्ही नव्हता का वर?"

६

हॉलचं दार आतून बंद होतं.

निशानं कडी वाजवली. "मावशी!" धनेशला तिनं मागच्या दाराची किल्ली आणायला पिटाळलं. त्याची पावलं जिन्यावरून खाली जात गेली आणि मग इतकं शांत झालं की पंखा ऐकू यायला लागला. आत पंखा चालू होता. निघताना तिनं तो स्वतः बंद केला होता.

दाराला काचेची उभी पट्टी होती. तिनं कपाळ काचेला टेकवलं.

सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. मधोमध दोनच, समोरासमोर. एकीवर शांताबाई, दाराकडे पाठ करून. डोक्यामागे रुमालाची गाठ. बाई ताठ बसल्या होत्या, खांदे सैल, देवळात बसतं माणूस तशा निवांत. आणि त्यांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन हात होते, मनगटापर्यंत मातीनं राखाडी झालेले. हात हलत होते. एक अंगठा कानाच्या पाळीमागे गेला, थांबला, परत आला. घाई अजिबात नव्हती.

शांताबाई किरकोळ अंगाच्या. त्यांच्याआड दुसरं माणूस पुरं झाकलं जाणं शक्य नव्हतं. एखादं कोपर दिसायला हवं होतं, पदर, पाय, काहीतरी. दोन्ही बाजूंनी दिसत होता तो खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा.

"मावशी! मावशी, दार उघडा!"

गाठ हलली नाही.

निशानं फोन लावला. आत, शांताबाईंच्या पर्समध्ये, रिंग वाजू लागली. काचेतून ती बारीक ऐकू येत होती आणि तिच्या कानाशी तीच, एक ठोका मागे. वाजत राहिली, बंद पडली. तिनं पुन्हा लावला. आश्चर्य म्हणजे डोकं स्वच्छ होतं. काय बोलायचं ते तिला आता नेमकं ठाऊक होतं. दोन रविवार जे वाक्य गिळलं होतं ते पोचलं, तर मावशी उठतील. फसवणूक कळली की माणूस उठतंच.

रिंग वाजत होती. मग त्या दोन हातांतला एक, अगदी सावकाश, चेहऱ्यावरून निघून खाली गेला.

रिंग थांबली. फोनवर सेकंद मोजले जाऊ लागले.

"मावशी, ऐका," निशा एका दमात म्हणाली, "ती मी नाहीये. त्या दिवशीही मी नव्हते, मी खोटं बोलले तुमच्याशी. समोर बसलीय ती मी नाही. मी बाहेर आहे, दारात. उठा तुम्ही, ऐकताय ना? ती मी नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज होता. ओली माती हलकेच दाबल्याचा आवाज होता. काचेतून दिसणारी रुमालाची गाठ तशीच स्थिर होती.

मग फोनवर एक बाई बोलली. आवाज शांताबाईंचा नव्हता. ना म्हातारा, ना तरुण. झोपलेल्या माणसाशेजारी बसून बोलावं तितक्या हळू ती म्हणाली,

"ठाऊक आहे तिला."